दुसऱ्यांचे पणजोबा

तात्यासाहेबांच्या घरी गेलात तर विचारल्याशिवाय कुठेही बसू नका. दारालगतची खुर्ची एका संस्थानाच्या दिवाणांची आहे आणि तिचा मागचा डावा पाय दिवाणांच्या हयातीतच निखळलेला आहे. खिडकीजवळची लांब हातांची आरामखुर्ची भक्कम आहे, पण तिच्यावर सध्या पंचधातूचा विष्णू आहे. कारण विष्णूसाठी आणलेल्या शिसवी चौरंगावर घड्याळ आलं आणि घड्याळाच्या जागी भिंतीवर ढाल आली. उरला सोफा. तो काकूंनी दिवाळीच्या सेलमध्ये घेतलेला असल्यामुळे त्यावर कुणीही बसू शकतं. तात्यासाहेब त्याच्याकडे बघत नाहीत.

तात्यासाहेब हे नाव आपल्या सोयीसाठी. ते पुण्यात कोथरूडला असतात, नागपुरात धरमपेठेत असतात, कोल्हापुरात राजारामपुरीत असतात. बँकेतून किंवा विमा कंपनीतून निवृत्त, मुलगा परदेशात, गुडघे अजून शाबूत आणि घरातली एक खोली रिकामी. ही रिकामी खोली भल्याभल्यांचा घात करते. कुणी तिथे होमिओपॅथी सुरू करतो, कुणी साठाव्या वर्षी बासरी शिकायला घेतो. आमच्या तात्यासाहेबांनी एका इंग्रजी मालिकेत कुण्या उमरावाची लायब्ररी पाहिली. छतापर्यंत पुस्तकं, चामडी खुर्च्या, पृथ्वीचा गोल, संगमरवरी मुंडकी, भिंतीवर सांबराची शिंगं. महिन्याभरात मुलाचा पलंग विकला गेला आणि त्या खोलीला यापुढे 'ग्रंथागार' म्हणावं असा हुकूम निघाला. काकू तिला अजून 'बंड्याची खोली' म्हणतात.

शिंगांचं जमलं नाही. १९७२च्या वन्यजीव कायद्यानं मालकीच्या दाखल्याशिवाय असलं काही बाळगता येत नाही, हे सोसायटीच्या सेक्रेटरींनी आपण होऊन येऊन सांगितलं. बाकी सगळं जमलं.

ग्रंथागार म्हटल्यावर ग्रंथ आले. एका दिवंगत वकिलांच्या वारसांकडून 'बॉम्बे लॉ रिपोर्टर'चे बांधीव खंड किलोच्या भावानं मिळाले. १८९९ साली सुरू झालेली ही मालिका कधीकाळी वकिलाची इस्टेट असायची. आता निकाल संगणकावर सापडतात, त्यामुळे सोनेरी अक्षरांच्या त्या पाठी रद्दीवाला आणि इंटीरियर डेकोरेटर आपसांत वाटून घेतात. तात्यासाहेबांनी खंड निवडले ते उंचीनं सारखे असलेले. डॉ. केतकरांच्या ज्ञानकोशाच्या २३ खंडांपैकी काही तिथे आहेत, पण सलग नाहीत, एखाद्या गोष्टीची माहिती विचारली की तात्यासाहेब कपाटाकडे नजर टाकून गंभीरपणे म्हणतात, "ते अक्षर आमच्याकडे नाही."

काकू दर आठवड्याला वाचनालयातून दोन कादंबऱ्या आणतात आणि संपवतात. त्या कादंबऱ्या गोदरेजच्या कपाटात साड्यांखाली असतात, कारण त्यांची कव्हरं कागदी आहेत आणि ग्रंथागाराला शोभत नाहीत. म्हणजे घरात वाचणारं माणूस एकच, आणि त्याला ग्रंथागारात पुस्तक ठेवायची मुभा नाही.

पुण्यातला जुना बाजार मंगळवार पेठेकडे बुधवारी आणि रविवारी भरतो. जमिनीवर ताडपत्र्या पसरलेल्या असतात. त्यांवर पाने, पक्कड, मिक्सरची भांडी, टीव्ही गेल्यावर मागे उरलेले रिमोट, एकाच पायाचा बूट, आणि या सगळ्यात मध्येच एखादी पितळी दौत किंवा अडकित्ता. इथे येताना तात्यासाहेब मुद्दाम जुना सदरा घालतात, म्हणजे विक्रेत्यानं गिऱ्हाईक फाटकं समजून भाव कमी सांगावा. पण गळ्यात काळ्या दोरीनं भिंग लटकवलेलं असतं. ते भिंग लांबून दिसलं की ताडपत्रीवरची निम्मी भांडी झटकन दोनशे वर्षांनी म्हातारी होतात.

मुंबईच्या चोर बाजारात, मटण स्ट्रीटवर, हा खेळ जास्त सफाईनं चालतो. तिथला दुकानदार वस्तू दाखवतच नाही. तो ती फडक्याखाली झाकतो. तात्यासाहेबांनी "ते काय आहे?" विचारलं की म्हणतो, "वो बेचने का नहीं है, साब. एक पारसी बुढ़िया का है, उसको वापस देना है." मग चहा येतो. म्हातारीचा बंगला येतो, तिचा वेडा भाऊ येतो, भावाचा जहाजांचा धंदा येतो. दुसऱ्या चहापर्यंत म्हातारी वारते आणि फडकं निघतं. खाली दुर्बीण.

ही दुर्बीण ग्रंथागारात पृथ्वीच्या गोलाशेजारी आहे. तिच्यावर इंग्रजीत 'केल्विन अँड ह्यूजेस, लंडन, १९१७' असं कोरलेलं आहे. पहिल्या महायुद्धात ती आरमारात होती, असं तात्यासाहेब सांगतात. अडचण एवढीच की केल्विन आणि ह्यूजेस या दोन पेढ्यांची मिळून एक कंपनी झाली ती १९४७ साली. असल्या पितळी दुर्बिणी, होकायंत्रं आणि सेक्स्टंट रुरकीत तयार होतात. तिथे मोजणीच्या उपकरणांची कारागिरी पिढ्यान् पिढ्या आहे आणि हातही चांगला आहे. दुर्बिणीतून समोरच्या इमारतीवरचं वाळत घातलेलं सुद्धा स्वच्छ दिसतं. तात्यासाहेबांच्या अंगी थोडा समंजसपणा असता तर ती रुरकीची उत्तम दुर्बीण म्हणून त्यांनी मिरवली असती.

नाण्यांचं तर विचारूच नका. मखमलीच्या पेटीत त्यांच्याकडे ईस्ट इंडिया कंपनीचा एक आणा आहे. एका बाजूला रामदरबार, दुसऱ्या बाजूला १८१८ साल. ज्या वर्षी पेशवाई बुडाली, त्याच वर्षी कंपनीला म्हणे रामाची आठवण झाली. शेजारी तसलंच १६१६चं आहे. १६१६ साली कंपनीच्या बाजूनं बोलायला आलेला इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो अजमेरला जहांगीरच्या दरबारात व्यापाराच्या सवलती मिळवायला खटपट करत होता; राम-सीतेची नाणी पाडायला इथे कंपनीचं होतं काय? रामदरबाराची ही 'नाणी' कंपनीनं कधीच काढली नाहीत. ती देवाधर्माच्या ठिकाणी विकले जाणारे बिल्ले आहेत, आणि आजही पडत आहेत. यांतल्याच काहींना 'तांदूळ ओढणारं नाणं' म्हणून लाखोंना विकणाऱ्या टोळ्या पोलीस अधूनमधून पकडतात. तात्यासाहेबांनी तांदूळ लावून पाहिले. ओढले गेले नाहीत. "म्हणजे ते भोंदू निराळे आणि हे अस्सल," असा त्यांनी निष्कर्ष काढला.

पुराव्यानं हरणं त्यांच्या स्वभावात नाही. ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारातून त्यांनी एक प्लास्टरचं मुंडकं आणलं. नाक फुटलेलं, कानाजवळ थोडी कुरळी झुलपं. आणताना तो शेक्सपिअर होता. टक्कल कमी भरल्यामुळे घरी पोचेपर्यंत तो माउंटस्टुअर्ट एलफिन्स्टन झाला. मुंबईच्या टाउन हॉलमध्ये चँट्रीनं घडवलेला एलफिन्स्टनचा पुतळा आहे. तो पाहून साम्य जुळवायला तात्यासाहेब खास डेक्कन क्वीननं जाऊन आले. मुंडक्याला नाक नसल्यामुळे साम्य नाकारता आलं नाही.

इथे औंध संस्थानाची आठवण येते. तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी युरोपातल्या नामांकित शिल्पांच्या प्रतिकृती हौसेनं जमवल्या आणि १९३८ साली उभारलेल्या आपल्या संग्रहालयात त्या मांडल्या. प्रतिकृतीला प्रतिकृती म्हणण्यात त्या राजाला कमीपणा वाटला नाही. त्याच संग्रहालयात हेन्री मूरचं अस्सल शिल्पही आहे, आणि बघायला जाणारे निम्मे लोक त्याच्यासमोरून न थांबता पुढे जातात. कारण ते जुनं दिसत नाही. तात्यासाहेब औंधला जाऊन आले आहेत. मूरसमोर ते थांबले, पण बुटाची नाडी बांधायला.

विष्णूची हकीकत थोडी सविस्तर सांगायला हवी. तो आला तेव्हा हिरवागार होता. "उत्खननातला आहे, चालुक्यकालीन," असं विकणाऱ्यानं कानाशी सांगितलं होतं. नव्या मूर्तीला असं म्हातारपण आणायला चालुक्य लागत नाहीत. नवसागर, मीठ आणि चिंच यांचा लेप द्यायचा, ओल्या मातीत काही आठवडे पुरायचं आणि अधूनमधून विचारपूस करत राहायचं. तात्यासाहेबांना ही कृती माहीत आहे, शेजाऱ्यांच्या मूर्तींबद्दल बोलताना ते ती तपशिलानं सांगतात. आपला विष्णू त्यांनी रेशमी रुमालानंसुद्धा पुसू दिला नाही.

पण दसऱ्याच्या आधी ते दोन दिवस गावाला गेले आणि काकूंनी पितांबरी काढली. अर्ध्या तासात आठशे वर्षं मोरीतून वाहून गेली. विष्णू लखलखला. परत आल्यावर तात्यासाहेब जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नुसतं दूध घेतलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मात्र ते प्रसन्न चेहऱ्यानं बाहेर आले आणि म्हणाले, "मूर्ती पूजेतली असणार. पूजेतली मूर्ती रोज चिंच लावून घासतात, तिच्यावर पुटं चढतच नाहीत. म्हणजे जमिनीतली नव्हे, देवळातली. किंमत दुप्पट झाली." यातलं पहिलं वाक्य सोडलं तर बाकीचं शास्त्र बरोबर आहे, हीच तर पंचाईत आहे. तात्यासाहेब अडाणी नाहीत. त्यांनी पुष्कळ वाचलं आहे, आणि जे वाचलं ते सगळं आपल्या खरेदीच्या वकिलीला लावलं आहे.

"एवढा जुना असेल तर नोंदवून का टाकत नाही?" काकूंनी एकदा विचारलं होतं. प्रश्न रास्त होता. १९७२च्या पुरावशेष कायद्याची अंमलबजावणी १९७६पासून सुरू झाली. शंभर वर्षांहून जुनी वस्तू ही पुरावशेष. हस्तलिखितांना पंचाहत्तर वर्षं पुरतात. मूर्ती घरात ठेवता येते, पण तिची सरकारदरबारी नोंदणी करावी लागते आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. मूर्तिचोरांना वचक बसावा म्हणून हा कायदा झाला. तात्यासाहेबांनाही त्याचा वचक आहे, पण निराळ्या कारणानं: नोंदणी अधिकाऱ्यानं मूर्ती हातात घेऊन "ही कुठे जुनी आहे?" असं विचारलं तर?

ती वेळ मुलानं आणली. न्यू जर्सीत त्यानं घर घेतलं आणि सूनबाईंना दारात ठेवायला 'काहीतरी एथनिक' हवं होतं. विमानतळावर अडवू नये म्हणून पुरातत्त्व खात्याकडून वस्तू पुरातन नसल्याचा दाखला घ्यावा लागतो. आता पेच बघा. मूर्ती खरी असेल तर ती नातवंडांपर्यंत पोचणार नाही. पोचली तर ती खोटी. बंड्यानं मूर्ती तपासायला दिली तेव्हा तात्यासाहेब देवापुढे बसून होते. मूर्ती अडकावी म्हणून बसले होते की सुटावी म्हणून, हे काकूंनाही कळलं नाही.

सुटली. दाखल्यावर सही-शिक्क्यानिशी लिहिलं होतं की ही वस्तू पुरातन नाही. मुलानं पेढे वाटले. तात्यासाहेब दिवसभर गप्प होते, रात्री त्यांनी खिडकी लावून घेतली आणि हलक्या आवाजात मुलाला म्हणाले, "बघितलंस? तज्ज्ञांनासुद्धा ओळखता आला नाही." मग सूनबाईंनी व्हिडिओ कॉलवर मूर्ती पाहिली, फार चकचकीत आहे म्हणाल्या, आणि विष्णू आरामखुर्चीतच राहिला.

संग्रह करणं वाईट, असं मला मुळीच म्हणायचं नाही. याच पुण्यात दिनकर गंगाधर केळकरांनी चष्म्यांचं दुकान सांभाळत गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, वज्र्या, वाद्यं, फणेरपेट्या जमवल्या. कुणाच्या माजघरातून, कुणाच्या माळ्यावरून. कोथरूडचा मस्तानी महाल त्यांनी तुकड्यातुकड्यांनी आणून उभा केला. या माणसाचं कवितेतलं टोपणनाव 'अज्ञातवासी', आणि संग्रहालयाला नाव दिलं ते लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं. १९७५ साली सगळं सरकारच्या स्वाधीन केलं. त्या अडकित्त्यांना मोठी घराणी नाहीत. अमक्या सरदाराचा, तमक्या राणीचा असं सांगायची त्यांना गरजही पडत नाही. कुण्या सोनाराच्या किंवा लोहाराच्या हातानं ते घडवले आणि कुण्या बाईनं सुपारी कातरून त्यांची धार घालवली, एवढं त्यांच्याकडे पाहिलं की कळतं. तात्यासाहेब असला अडकित्ता घेणार नाहीत. त्यांना वस्तूबरोबर वंशावळ लागते. खरं म्हणजे ते वंशावळच विकत घेतात, वस्तू तिच्यावर फुकट मिळते.

आणि स्वतःच्या घरातलं? तात्यासाहेबांच्या आईकडे तांब्याचा बंब होता, घंगाळ होतं, पितळी डबे होते, पुरणयंत्र होतं. स्टेनलेस स्टीलची हवा आली तेव्हा महाराष्ट्रातल्या यच्चयावत घरांनी केलं तेच त्या माउलीनं केलं. तांबं-पितळ मोडीत घातलं आणि स्टीलचे डबे आणले, वर नावं घालून. ती मोड हातगाडीवर चढवून द्यायला तरुण तात्यासाहेब स्वतः खाली उतरले होते. मागच्या वर्षी त्यांनी जुन्या बाजारातून एक घंगाळ आणलं, मोडीच्या भावाच्या कितीतरी पटींनी. "सरदारांच्या वाड्यातलं," ते म्हणाले. काकूंनी काठावरची ठोक्यांची अक्षरं वाचली. "शांताबाई लिहिलंय. सरदार शांताबाई का?"

पण ग्रंथागारातली सगळ्यात मानाची जागा घंगाळाला नाही, विष्णूलाही नाही. ती दारासमोरच्या भिंतीवरच्या तसबिरीला आहे. पुणेरी पगडी, उपरणं, कपाळाला गंध, हातात काठी, नजर कॅमेऱ्याच्या थोडी वर. शनिवार पेठेतला एक वाडा पाडला तेव्हा दारं, तुळया आणि खिडक्यांचे गज भंगारवाल्यानं उचलले, त्यांतच ही तसबीर होती. वारसांना फ्लॅट मिळाले होते. नव्या भिंतींवर टीव्ही लावायचा होता. तात्यासाहेबांनी ती आणली तेव्हा ते खरं सांगायचे: एका वाड्यातून मिळाली. पुढे "आमच्या ओळखीतल्या घराण्यातले" झाले. मग "आमच्या नात्यातले". हल्ली नवा पाहुणा आला की तात्यासाहेब तसबिरीकडे हात करतात आणि म्हणतात, "आमचे पणजोबा. पेशवाईनंतर इनाम गेलं."

त्यांचे खरे पणजोबा राजापूरकडच्या एका खेड्यातून मुंबईला आले आणि गिरगावातल्या खानावळीत वाढपी म्हणून राहिले. चार भावंडांची लग्नं त्या वाढण्यावर झाली. त्यांचा फोटो नाही. त्यांनी वापरलेली एक पितळी ओगराळी होती. ती बंबाबरोबर मोडीत गेली. माझ्या मते सगळ्या ग्रंथागारात त्या ओगराळीइतकी मोलाची वस्तू नाही, पण ती तिथे नाहीच, म्हणून हा मुद्दा सोडून देऊ.

काकूंना हे सगळं माहीत आहे. त्या पाहुण्यांसमोर बोलत नाहीत. दरवर्षी सर्वपित्री अमावास्येला त्या तसबिरीतल्या पगडीवाल्यांनाही हार घालतात आणि समोर खिरीची वाटी ठेवतात. तात्यासाहेबांना वाटतं, बायकोनं एकदाचं घराणं मान्य केलं. मी विचारलं तेव्हा काकू म्हणाल्या, "कुणाचे का असेनात. त्यांच्या घरी आता ठेवत असतील असं वाटत नाही."

तेव्हा तुम्हाला एवढंच सांगणं आहे. तुमच्या माळ्यावर, ट्रंकेत, किंवा पाडायला काढलेल्या वाड्याच्या भिंतीवर असली एखादी तसबीर असेल तर आजच खाली काढा, मागच्या पुठ्ठ्यावर त्या माणसाचं नाव, गाव आणि तुमचं त्याच्याशी नातं पेन्सिलीनं लिहा. पेन्सिलीनंच लिहा, शाई पुढच्या बाजूला उतरते. कंटाळा केलात तर पुढच्या पावसाळ्यात ते गृहस्थ कोथरूडला तात्यासाहेबांचे मामेआजोबा झालेले असतील. ती जागा अजून रिकामी आहे.